डोलणे, वाकणे, तीन पावले मागे सरणे : ज्यू प्रार्थनेतील शरीर आणि त्याविषयीचे गैरसमज

१४ ऑक्टोबर १६६३. लंडनच्या क्रीचर्च लेन या गल्लीतील एका सिनेगॉगमध्ये सॅम्युएल पेपिस नावाचा आरमार खात्यातील अधिकारी दुपारच्या जेवणानंतर पत्नीसह गेला. १२९० मध्ये इंग्लंडमधून हद्दपार झालेल्या ज्यूंना पुन्हा तेथे उघडपणे राहता येऊ लागून जेमतेम सात वर्षे झाली होती. त्यामुळे सिनेगॉग पाहणे हा लंडनकरांच्या कुतूहलाचा विषय होता. पेपिस रोजनिशी लिहीत असे आणि ती आज सतराव्या शतकातील लंडनचे एक महत्त्वाचे साधन मानली जाते. त्या दिवशीच्या नोंदीत त्याने जे लिहिले ते प्रशंसेचे नव्हते. माणसे हसत होती, खेळत होती, प्रार्थनेकडे कोणाचे लक्ष नव्हते, सगळा गोंधळ होता. खऱ्या देवाला ओळखणाऱ्यांची उपासना अशी असू शकते यावर त्याचा विश्वास बसेना, आणि पुन्हा तिकडे फिरकायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले.

पेपिस खोटे लिहीत नव्हता. त्याने पाहिले ते खरेच होते. फक्त तो ज्या दिवशी गेला तो दिवस सिम्हात तोराचा होता. तोरा म्हणजे मोशेचे पंचग्रंथ. ते वर्षभर आठवड्याला एक भाग याप्रमाणे वाचले जातात आणि या सणाच्या दिवशी ते वाचन संपून लगेच पुन्हा आरंभ होतो. ग्रंथांच्या गुंडाळ्या पेटीतून बाहेर काढतात, छातीशी धरतात आणि गात, नाचत सिनेगॉगमध्ये फेऱ्या घालतात. वर्षातील सर्वांत मोकळ्या, सर्वांत आनंदी दिवसावरून पेपिसने वर्षभराच्या उपासनेचा निकाल लावला. त्याच सिनेगॉगमध्ये तो एखाद्या साध्या सोमवारी सकाळी गेला असता, तर दोन्ही पाय जुळवून निश्चल उभ्या असलेल्या, ओठ तेवढे हलवणाऱ्या माणसांची रांग त्याला दिसली असती. कदाचित त्याची तक्रार मग वेगळीच झाली असती.

ज्यू प्रार्थनेतील हालचालींविषयी आजही जी विधाने सर्रास केली जातात, त्यांतील बहुतेक पेपिसच्याच जातीची आहेत. ज्यू लोकांना डोलण्याची धर्माज्ञा आहे, ज्यू कधीही गुडघे टेकत नाहीत, ज्यू नेहमी पूर्वेकडे तोंड करतात, जेरुसलेमच्या भिंतीवर ते डोके आपटतात. या प्रत्येक विधानामागे कोणीतरी खरोखर पाहिलेले एखादे दृश्य आहे, आणि प्रत्येकात त्या दृश्याचा अर्थ चुकलेला आहे.

अशी चूक केवळ परक्यांकडूनच होते असेही नाही. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या आरंभीच हन्ना नावाची अपत्यहीन स्त्री शिलो येथील मंदिरात प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज मात्र येत नाही. तेथील मुख्य पुरोहित एली तिला पाहतो आणि ती दारू प्यायली आहे असे समजून तिला झापतो. हन्ना शांतपणे सांगते की आपण मद्य घेतलेले नाही, मन मोकळे करीत होतो. पुरोहित वरमतो आणि आशीर्वाद देतो. पुढे तालमूदच्या पंडितांनी प्रार्थनेचे नियम याच प्रसंगातून काढले: ओठ हलले पाहिजेत, आवाज चढता कामा नये. मंदिराच्या प्रमुखाने जी हालचाल नशेची म्हणून हिणवली, तीच पुढे प्रार्थनेची आदर्श पद्धत ठरली. ज्यू परंपरेने हा प्रसंग झाकून ठेवला नाही. रोश हशाना या नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये तो जाहीरपणे वाचला जातो.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळावे. रोजच्या तिन्ही वेळच्या प्रार्थनांचा गाभा म्हणजे अमिदा. या शब्दाचा अर्थच मुळी ‘उभे राहणे’ असा आहे. तिच्यात मूळ अठरा आशीर्वचने होती, पुढे एकाची भर पडून एकोणीस झाली, तरी जुने ‘अठरा’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. ती म्हणताना दोन्ही पाय जुळवून उभे राहायचे असते. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या दिव्य प्राण्यांचे पाय सरळ, जणू एकच पाय असावा असे होते, हा त्यामागचा तालमूदमधील आधार. आरंभी तीन पावले पुढे जाण्याची रूढी आहे. शेवटी तीन पावले मागे सरून डावीकडे, उजवीकडे आणि मग समोर किंचित वाकायचे. हे सगळे राजदरबारातून बाहेर पडण्याच्या रीतीसारखे आहे, कारण राजाकडे पाठ करून कोणी निघत नाही. प्रथम डावीकडे का, यावर बाबिलोनियातील दोन पंडितांमध्ये झालेला संवाद मोठा मार्मिक आहे. अबये प्रथम उजवीकडे वाकताना दिसला, तेव्हा रावा त्याला म्हणाला की तुझी उजवी बाजू कोणाला हवी आहे? समोर जो उभा आहे त्याची उजवी बाजू ही तुझी डावी. म्हणजे नियमाचा सारा भर समोर कोणी खरोखर उभे आहे या गृहीतावर आहे.

अमिदात वाकायचे ते चारच ठिकाणी: पहिल्या आशीर्वचनाच्या आरंभी आणि शेवटी, व आभाराच्या आशीर्वचनाच्या आरंभी आणि शेवटी. वाकावे किती? पाठीच्या कण्यातील मणके सुटे होतील इतके, असे तालमूद सांगते. म्हाताऱ्याला वा आजाऱ्याला मान झुकवली तरी पुरे. ‘धन्य’ या शब्दाला वाकायचे आणि देवाचे नाव उच्चारताना पुन्हा ताठ व्हायचे. रब शेशेत वाकताना काठीसारखा एकदम वाकत असे आणि उठताना सापासारखा, म्हणजे आधी डोके मग धड, असा सावकाश उठत असे, अशी नोंद आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाची वाकण्याची लकब शिष्यांनी इतक्या बारकाईने जपून ठेवावी हे नवलाचे आहे.

त्याहून नवल पुढच्या नियमाचे. एखाद्याला प्रत्येक आशीर्वचनाला वाकावेसे वाटले तर? त्याला तसे करू नकोस असे शिकवावे. सामान्य माणसाने चार वेळा वाकावे. मुख्य पुरोहिताने प्रत्येक आशीर्वचनाला वाकावे. राजाने तर, एका मतानुसार, एकदा वाकल्यावर प्रार्थना संपेपर्यंत डोके वर काढू नये. ज्याचा अधिकार मोठा त्याने अधिक वाकायचे, आणि ज्याच्यापाशी गर्व करण्याजोगे काहीच नाही त्याने नम्रतेचे प्रदर्शन मांडायचे नाही. हा नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

या सगळ्यात डोलण्याचा उल्लेख कोठेच आलेला नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. यिद्दिश भाषेत ज्याला ‘शोकलन’ म्हणतात ते पुढेमागे झुलणे आज ज्यू प्रार्थनेचे जणू बोधचिन्ह झाले आहे. चित्रपटात ज्यू माणूस प्रार्थना करतो म्हणजे डोलतोच. प्रत्यक्षात मिश्नामध्ये वा तालमूदमध्ये अशी आज्ञा नाही. डोलण्याचे कारण सांगण्याचा एक प्रसिद्ध जुना प्रयत्न सुमारे ११४० च्या आसपासचा आहे आणि तो प्रार्थनेविषयी नव्हे, तर वाचनाविषयी आहे. स्पेनमधील कवी व विचारवंत येहुदा हालेवी याने अरबीत लिहिलेल्या ‘कुझारी’ या ग्रंथात खझार लोकांचा राजा एका रब्बीला विचारतो की ज्यू हिब्रू वाचताना पुढेमागे का हलतात? रब्बी आधी एक प्रचलित उत्तर देतो: शरीरातील ऊब जागृत व्हावी म्हणून. मग स्वतःचे मत सांगतो. पुस्तके थोडी आणि वाचणारे पुष्कळ. एकाच मोठ्या पोथीभोवती दहाजण किंवा त्याहून अधिक बसत. प्रत्येकाला आपली ओळ पाहण्यासाठी पुढे वाकावे लागे आणि दुसऱ्याला जागा देण्यासाठी मागे यावे लागे. हे सतत चाललेले पाहून पाहून त्याचीच सवय जडली आणि नकला करता करता ती रीत झाली.

हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे की नाही ते बाजूला ठेवले तरी त्याचा कल विलक्षण आधुनिक आहे. बाराव्या शतकातला एक श्रद्धाळू कवी आपल्याच समाजाच्या एका सवयीचे मूळ पोथ्यांच्या टंचाईत शोधतो. तिला गूढ अर्थ देण्याची संधी समोर असूनही तो ती घेत नाही.

इतरांनी मात्र ती घेतली. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या ‘झोहर’ या गूढवादी ग्रंथात इस्रायलच्या आत्म्याची तुलना दिव्याच्या ज्योतीशी आहे. तोराचा शब्द ओठी येताच ती पेटते आणि पेटलेली ज्योत स्थिर राहत नाही. दुसऱ्या एका परंपरेने सिनाय पर्वताची आठवण काढली: तोरा मिळाली तेव्हा लोक थरथरत उभे होते, म्हणून वाचताना थरथरावे. तिसऱ्यांनी स्तोत्रसंहितेतील, सर्व हाडांनी देवाचे स्तवन करण्याची कल्पना पुढे केली. सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोशे इस्सर्लिस यांनी या आधारांवर डोलण्याची नोंद केली, तीही काटेकोर लोकांची प्रथा म्हणून. लगेच पुढच्या शतकात प्रागचे रब्बी येशायाहू होरोविट्झ यांनी नेमके उलट मत मांडले: निश्चल उभे राहण्यानेच चित्त एकाग्र होते, डोलण्याने ते विखुरते. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी शेवटी ज्याने ज्याचे मन लागते ते त्याने करावे, असा तोडगा काढला. ‘धर्माज्ञा’ म्हणून जिचा बोलबाला आहे तिची शास्त्रातील खरी अवस्था ही अशी आहे.

अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसिदी पंथ उभा राहिला आणि हा वाद पुस्तकातून रस्त्यावर आला. हसिदींनी प्रार्थनेत टाळ्या वाजवल्या, आरोळ्या दिल्या, अंग झोकून दिले. त्यांतल्या एका गटाने तर प्रार्थनेच्या भरात कोलांट्या उड्या मारल्या. १७७२ मध्ये विल्ना येथील धर्ममंडळाने हसिदींवर बहिष्कार पुकारला, त्या वेळच्या लिखाणांत या कोलांट्यांचा संतापाने उल्लेख येतो. बहिष्कार म्हणजे काही कागदी निषेध नव्हता. त्या काळच्या ज्यू वस्तीत बहिष्कृताशी व्यवहार, सोयरीक, सारेच तुटत असे. हसिदींचे उत्तर त्यांचा आद्य गुरू बाल शेम तोव याच्या नावावर सांगितले जाते: नदीत बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने हातपाय झाडतो, तेव्हा काठावरचे लोक त्याच्या हातवाऱ्यांना हसत नाहीत. त्यानंतरच्या शतकात जर्मन संस्थानांतील सुधारक ज्यूंनी सिनेगॉगसाठी शिस्तीच्या नियमावल्या केल्या. शेजारच्या ख्रिस्ती माणसाला आपली उपासना गबाळी वाटू नये ही चिंता त्यांच्यामागे स्पष्ट दिसते. पेपिस जणू दीडशे वर्षांनी पुन्हा दारात उभा होता आणि या वेळी आतली माणसे त्याच्या नजरेने स्वतःकडे पाहत होती.

गुडघे टेकण्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ज्यू कधीही गुडघे टेकत नाहीत, साष्टांग पडत नाहीत, हा समज ज्यूंमध्येही आढळतो. प्राचीन ग्रंथ मात्र दुसरेच सांगतात. दानियेल दिवसातून तीनदा जेरुसलेमच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीशी गुडघे टेकत असे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेल्या मंदिरात योम किप्पुरच्या दिवशी मुख्य पुरोहित देवाचे गुप्त नाव उच्चारी, तेव्हा जमलेले सारे लोक गुडघे टेकून पालथे पडत. रब्बी अकिवा लोकांसोबत प्रार्थना करी तेव्हा इतरांना खोळंबा नको म्हणून ती थोडक्यात आटपी. एकटा असला की मात्र त्याला खोलीच्या एका कोपऱ्यात सोडावे आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात सापडावा, इतके त्याचे वाकणे आणि लोटांगणे चालत. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रकार मायमोनिदिस यानेही अमिदानंतर जमिनीवर पडून विनवणी करण्याचे वर्णन नेमाचा भाग म्हणून केले आहे.

मायमोनिदिसचा मुलगा अब्राहम (११८६–१२३७) वडिलांच्या मागे इजिप्तमधील ज्यूंचा प्रमुख झाला आणि त्याने ही जुनी रीत परत आणण्याचा प्रयत्न केला. प्रार्थनेआधी पाय धुवावेत, जेरुसलेमकडे तोंड करून रांगेत गुडघ्यांवर बसावे, साष्टांग पडावे, हात पसरावेत. कैरोतील ज्यूंना हे पाहून धक्का बसला, कारण हे हुबेहूब शेजारच्या मशिदीसारखे दिसत होते. परक्यांचे अनुकरण केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण चक्क मुसलमान सुलतानापर्यंत गेले. म्हणजे ज्यू प्रार्थना इस्लामी वळणावर जात असल्याची तक्रार ज्यूंनी इस्लामी सत्तेपुढे मांडली! अब्राहमला खुलासा द्यावा लागला की त्याने कोणावर सक्ती केलेली नाही. त्याचा मुख्य युक्तिवाद वेगळा होता. ही चाल आपलीच आहे, निर्वासनाच्या काळात आपण ती विसरलो. शेजाऱ्याने ती जपली म्हणून ती त्याची होत नाही आणि आपल्याला परकीही होत नाही. इतिहासाच्या बाजूने पाहता तो बराचसा बरोबर होता. तरीही तो हरला. त्याची सुधारणा रुजली नाही.

आज बहुसंख्य ज्यू साष्टांग पडतात ते वर्षातून मोजक्याच वेळा, योम किप्पुरला आणि अश्केनाझी परंपरेत रोश हशानालाही. तेव्हाही दगडी फरशीवर कपाळ टेकवायचे नाही, कारण लेवीय ग्रंथाने मंदिराबाहेर कोरीव दगडावर दंडवत घालण्यास मनाई केली आहे. म्हणून खाली कापड किंवा कागद अंथरतात. कॅरेआइट ज्यूंनी आणि इथिओपियातील ज्यूंनी मात्र दंडवताची रीत सोडली नाही.

रोजच्या प्रार्थनेत त्या लोटांगणाची एक पुसटशी खूण उरली आहे. तिचे नाव ‘तोंडावर पडणे’, आणि करायचे काय, तर बसून हातावर कपाळ टेकवायचे. एवढ्याशा हालचालीमागे तालमूदमधील एक भयंकर कथा उभी आहे. रब्बी एलियेझरला सहकाऱ्यांनी एका शास्त्रार्थानंतर बहिष्कृत केले. त्या मंडळाचा प्रमुख रब्बान गमलियेल हा एलियेझरच्या पत्नीचा, इम्मा शालोमचा, सख्खा भाऊ. त्या दिवसापासून तिने नवऱ्याला प्रार्थनेनंतर तोंडावर पडू दिले नाही. दुखावलेला माणूस जमिनीवर पडून जे मागेल ते मिळाल्याशिवाय राहणार नाही, हे तिला ठाऊक होते. एके दिवशी तिचा तिथीचा हिशेब चुकला. दुसऱ्या पाठानुसार, दारात भिकारी आला आणि ती त्याला भाकर द्यायला उठली. परत आली तेव्हा एलियेझर पालथा पडलेला होता. ऊठ, तू माझ्या भावाला मारलेस, असे ती म्हणाली आणि तेवढ्यात गमलियेलच्या घरून मृत्यूची वार्ता आली. नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये दिवसेंदिवस पहारा देणाऱ्या या बाईची कथा शास्त्रचर्चेच्या ग्रंथात आली आहे, ती शब्दाने माणसाला दुखावण्याच्या पापाची चर्चा करताना.

शेमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवण्याची चाल रब्बी येहुदा हनासीपर्यंत मागे जाते. ती म्हणताना बसावे की उभे राहावे, यावर पॅलेस्टाइन आणि बाबिलोनियातील ज्यूंमध्ये शतकानुशतके मतभेद होता. त्याच्याही आधी शम्माईच्या शिष्यांचे मत होते की संध्याकाळी ती आडवे होऊन म्हणावी. रब्बी तार्फोन वाटेत असताना ते मत पाळण्यासाठी आडवा झाला आणि लुटारूंच्या तावडीत सापडता सापडता वाचला. सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवली नाही. हिल्लेलच्या शिष्यांचे मत डावलल्यावर जे झाले ते योग्यच, असे त्याला ऐकावे लागले.

जेरुसलेमच्या भिंतीपाशी कोणी डोके आपटत नाही. ज्याला इंग्रजीत ‘विलापाची भिंत’ म्हटले गेले तिला ज्यू नुसते ‘कोतेल’ म्हणजे भिंत, किंवा पश्चिमेची भिंत म्हणतात. तिच्या अगदी जवळ उभे राहून डोलणाऱ्यांच्या छायाचित्रांनी हा भ्रम पसरवला. तेथून निघताना अनेकजण पाठ न फिरवता मागे चालत येतात, तीही दरबाराचीच रीत.

राहिली दिशा. युरोपातील ज्यू घरांत पूर्वेच्या भिंतीवर ‘मिझराख’ म्हणजे ‘पूर्व’ असे लिहिलेली चित्रे टांगत, त्यावरून पूर्व दिशाच पवित्र असा ग्रह झाला. मिश्नाचा नियम दिशेचा नव्हे, स्थानाचा आहे: जेथे असाल तेथून जेरुसलेमकडे. कोकणच्या किनाऱ्यावरून जेरुसलेम वायव्येला पडते, म्हणून बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची पेटी पश्चिमेच्या भिंतीला असते. शेजारच्या मशिदीतील मेहराबही पश्चिमेकडेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ठरलेल्या या मराठी ज्यूंनी आपल्या प्रार्थनास्थळालाही ‘मशीद’च म्हटले. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले शाआर हरहमीम हे सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले आणि मशीद बंदर स्थानकाच्या नावामागे तेच असल्याचे मानले जाते. युरोपातला एखादा ज्यू येथे आला असता तर ‘चुकीच्या’ दिशेला तोंड करून ‘मशिदी’त प्रार्थना करणाऱ्या या लोकांविषयी त्याने रोजनिशीत काय लिहिले असते, याची कल्पना करता येते.

कोचीनचे आणि पुढे बगदादी ज्यू यांच्याशी संबंध घट्ट होण्याआधी बेने इस्रायलांपाशी हिब्रू प्रार्थनांपैकी शेमा तेवढी टिकली होती. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, तीच म्हटली जाई. अमिदातील पावलांचे आणि वाकण्याचे शास्त्र त्यांना नंतर शिकावे लागले. पण अंगाची एक रीत त्यांची स्वतःची आहे. तिला ‘हात बोशी’ म्हणतात आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात तिची नोंद आहे. प्रार्थनेच्या वेळी वडीलधारा माणूस हात पुढे करतो. समोरचा ते आपल्या दोन्ही हातांत घेतो. क्षणभराने हात सुटतात, दोघेही आपापल्या बोटांची टोके ओठांना लावतात, आणि तोच हात शेजारच्यापुढे होतो. अशा रीतीने बाकामागून बाक ओलांडत, म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे आणि तरुणांकडून मुलांकडे, तो स्पर्श सिनेगॉगच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.